फुलोरा झाडाला, फास शेतकऱ्याला



ज्वारी पोटरीत आली की नाही हे पाहायला आपण कधी साहेबाला बोलावले आहे काय? कपाशीला पात्या लागल्या हे कळायला प्रयोगशाळा लागते काय? झाड फुलावर केव्हा येणार हे शेतकऱ्याला झाडच सांगते. पण एक झाड असे आहे, की त्याच्या फुलाचा विषय निघाला की पहिली गाडी पोलिसांची येते. ते झाड भांगेचे.

भांग म्हटले की शहरातल्या शहाण्यांना चिलीम दिसते. आम्हाला वाख दिसतो, बी दिसते, तेल दिसते. म्हणून आधी झाड समजून घेऊ.

भांग ही आपल्या गावरान ज्वारीसारखी, लहान दिवसात फुलणारी. दिवस मोठा असेतो ती नुसती वाढते. रात्र लांबू लागली की फुलोऱ्याकडे वळते. त्याआधी खुणा देते. कोवळेपणी पाने समोरासमोर जोडीने येतात, पुढे एकाआड एक येऊ लागतात. मग पेऱ्यावर, देठाच्या बेचक्यात दोन पांढरे धागे दिसले तर झाड मादी; बारीक गोल कळी दिसली तर नर. वाखाचे पीक नर फुलून पराग झडू लागला की कापायचे. बियाचे पीक दाणा भरेपर्यंत राखायचे.

हे ज्ञान नवे नाही. 1893-94 साली इंग्रज सरकारच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने चौकशी केली, तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात आणि खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत होती. सरसकट बंदी नको, असेच त्या कमिशनने सांगितले.

स्वराज्याच्या सरकारने 1985 साली अमली पदार्थांचा कायदा केला. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, असे त्यात लिहिले. शेंडा सोबत नसेल तर पान आणि बी त्यातून वगळले. म्हणजे फूल आणि पान यांतला फरक दिल्लीला कळतो! लागवडीला मात्र सरसकट बंदी. झाड फुलो न फुलो, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड.

त्याच कायद्याच्या 14 व्या कलमात वाख आणि बियासाठी लागवडीची वाट ठेवली आहे. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानेही अशी लागवड बंदीबाहेर ठेवली. उत्तराखंडाने 2018 साली नशेचे द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या भांगेला परवाने सुरू केले. 2021 साली भांगेचे बी, तेल आणि पीठ यांना देशात खाद्य म्हणून मान्यता मिळाली. बी दुकानात विकले तर व्यापार; तेच कोरडवाहू शेतकऱ्याने परवान्याशिवाय पेरले तर तुरुंग. हा कुठला न्याय?

परवाना मिळाला म्हणजे सुटलो, असेही कोणी समजू नये. फुलोरा पिकत जातो तसे त्यातले नशेचे द्रव्य वाढते. आज मर्यादेत असलेले पीक काही आठवड्यांनी मर्यादेबाहेर जाऊ शकते. मग नमुना घ्यायला साहेब केव्हा येणार, यावर शेतकऱ्याचे नशीब ठरणार! अमेरिकेने 2021 च्या नियमात कापणीआधीच्या 30 दिवसांत नमुना घ्यायचे बंधन घातले. इथे तारीख कचेरीतल्या कॅलेंडरवर ठरता कामा नये, फुलोऱ्यावर ठरली पाहिजे.

दुसरा धोका बियाण्याचा. उत्तरेकडच्या लांब दिवसांत वाढलेले वाण आपल्याकडे आणले तर ते खुरटे असतानाच फुलावर येते. मग वाख कसला आणि पैसा कसला? तेव्हा सोन्याचे झाड म्हणून बियाणे विकायला येणाऱ्याला आधी विचारा, आमच्या दिवसात ते केव्हा फुलते?

जिल्हा बैठकीत चार मागण्या मांडायच्या आहेत. वाख आणि बियासाठी परवाने सुरू करा. कृषी विद्यापीठांनी कोरडवाहू जमिनीत वाण तपासून फुलण्याचा काळ जाहीर करावा. नमुना शेतकऱ्यासमोर घ्या, अर्धा त्याच्याकडे ठेवा. परवानाधारकाचे पीक मर्यादेबाहेर गेले तर पीक नष्ट करा, माणूस नको.

तोपर्यंत कपाशीच्या ओळीत चोरून दोन झाडेही लावू नका. दोन झाडांपायी घर बसते. आम्हाला चोरवाट नको, हक्काचा रस्ता हवा.