छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगणमधला मुक्काम 35 दिवसांचा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. सुरुवातीचे दिवस शरीर सावरण्यात जातात. हात थरथरतात, झोप उडते, कुणाला भास होतात. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं, ते याचसाठी. डॉक्टर लागतातच.

खरी कसोटी छत्तिसाव्या दिवशी.

बसस्टॉप ते घर या वाटेवर तोच बार असतो, तेच मित्र. संध्याकाळचे सात वाजले की काय करावं सुचत नाही. बायको न बोलता शर्टाचे खिसे चाचपते. तिला दोष कसा द्यावा? वर्षानुवर्षं फसवणूक सोसलेला विश्वास महिन्याभरात परतत नाही. पत्नींसाठी मुक्तांगणने 'सहचरी' गट चालवला, हे फार मोलाचं.

नोकरीच्या ठिकाणी मात्र अजून अंधार आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या विकारांना मानसिक आजारात धरतो. तरीही कावीळ झालेल्याला सहानुभूती आणि व्यसनावर उपचार घेणाऱ्याला टोमणे, हे चित्र सर्रास दिसतं. उपचारांसाठी घेतलेली रजा आजारपणाचीच मानली पाहिजे. परतलेल्या माणसाला जुनं काम मिळावं, ऑफिसच्या पार्टीत त्याच्या हातात मुकाट्याने सरबताचा पेला यावा आणि फॉलोअपच्या दिवशी त्याला तासभर लवकर निघता यावं.