हसायचं कुणाला? व्यंगचित्रातलं अज्ञान आणि आपलं कर्जत-खालापूर

निवडणुकीचे दिवस जवळ आले की कर्जतपासून खोपोलीपर्यंत प्रत्येक मोबाइलवर चित्रांचा पाऊस सुरू होतो. पुढाऱ्याचं भलं मोठं डोकं, इवलंसं धड, हातात उलटं धरलेलं पुस्तक आणि खाली एक ओळ. जमातीच्या ग्रुपवर आलेलं चित्र घरच्या ग्रुपवर जातं, तिथून नेरळ, दामत, कडाव, खालापूर, रसायनी असं फिरत राहतं. कुणी हसतं, कुणी चिडून ग्रुप सोडतं. दोन दिवसांत नवीन चित्र येतं आणि जुनं विसरलं जातं.

आमच्यापैकी एकाच्या घरी असंच एक चित्र आलं. मतदानाच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, तिचा शाईने माखलेला अंगठा, आणि खाली लिहिलेलं की देशाचं भवितव्य यांच्या हातात आहे. घरातल्या कॉलेजच्या मुलाने हसत हसत ते नानीला दाखवलं. नानी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, यात हसण्यासारखं काय आहे? मी पण अंगठाच लावते ना." मुलगा गप्प झाला.

त्या प्रश्नावरूनच हा लेख लिहितो आहोत. सार्वजनिक जीवनातल्या अज्ञानाची थट्टा हे राजकीय व्यंगचित्राचं जुनं आणि गरजेचं काम आहे. मंत्र्याला खातं कळत नाही, साहेबाला गाव माहीत नाही, वक्त्याला इतिहासाचा पत्ता नाही, हे दाखवायलाच हवं. पण नानीने पाहिलेलं चित्रसुद्धा अज्ञानावरचा विनोद म्हणूनच फिरत होतं. दोन्ही चित्रं सारखी नाहीत. हा फरक आपल्या मुलांना समजावून सांगता यायला हवा, असं आम्हाला वाटतं.

'यादीत नाव नव्हतं'

फरक समजायला लांब जायला नको. १९ जुलै २०२३ ची रात्र आपल्या भागात कोण विसरेल? खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी मुसळधार पावसात दरडीखाली गेली. वर जायला रस्ता नव्हता, बचाव पथकांना चिखलातून चालत चढावं लागलं. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. गेलेली बहुतेक माणसं ठाकर समाजाची, म्हणजे आपल्याच बाजारात भाजी आणि रानमेवा घेऊन बसणारी.

नंतर सरकारकडून सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. म्हणजे धोका आहे हे सरकारी कागदाला माहीत नव्हतं.

आता बघा, वाडीतल्या शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्याला कुणी सहज अडाणी म्हणेल. पण धोकादायक गावांची यादी करणं हे त्याचं काम नव्हतं. ते काम ज्यांचं होतं, त्यांच्याकडे नकाशे होते, तज्ज्ञ होते, पगार होता. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गेलं, २२ जुलै २०२१ ला आपल्याच रायगडातलं महाड तालुक्यातलं तळीये गेलं. दोन्ही वेळा डोंगर, दोन्ही वेळा जुलैचा पाऊस. एवढं पाहूनही तिसऱ्या वेळी यादी अपुरीच निघाली.

म्हणजे अज्ञान दोन प्रकारचं असतं. एकाला कुणी शिकवलंच नाही म्हणून माहीत नसतं. दुसऱ्याला जाणून घेणं हे त्याचं कामच असतं, तरी तो जाणून घेत नाही. पहिल्याला शाळा हवी, दुसऱ्याला जाब हवा. चांगलं व्यंगचित्र दुसऱ्याच्या वाट्याला जातं. मेलेल्यांवर चित्र काढायचं नसतं. पण टेबलावर पडलेली एक यादी, तिच्यावर पेपरवेट, आणि साहेबाच्या पाठीमागे खिडकीतून दिसणारा खचणारा डोंगर, असं चित्र नुसतं डोळ्यांसमोर आणा. त्यात एकही शब्द लागत नाही आणि हसू येताना घसा दाटतो.

लक्ष्मण यांचा माणूस आणि 'मार्मिक'चा कुंचला

हे काम मुंबईत बसून आर. के. लक्ष्मण यांनी पन्नास वर्षांहून जास्त केलं. त्यांचा 'कॉमन मॅन' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. धोतर, चौकड्यांचा कोट, जाड चष्मा, आणि तोंडातून एक शब्द नाही. १९५१ पासून तो रोज 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावर उभा राहिला. मंत्री बोलतो, अधिकारी बोलतो, तज्ज्ञ बोलतो, आणि हा फक्त बघतो. गंमत अशी की चित्रात सगळ्यात कमी बोलणारा हाच माणूस सगळ्यात जास्त जाणतो. चंद्रावर पाठवायला योग्य माणूस म्हणून शास्त्रज्ञ त्याला निवडतात, कारण अन्न, पाणी, दिवा, छप्पर यांशिवाय जगायची त्याला सवयच आहे, असं त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे. हसू येतं, पण गरिबावर नाही. त्याला तसं जगायला लावणाऱ्यांवर येतं.

मराठीत राजकीय व्यंगचित्राला घराघरांत नेलं ते बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मार्मिक'ने. 'फ्री प्रेस जर्नल'मधली नोकरी सोडून त्यांनी १३ ऑगस्ट १९६० ला हे साप्ताहिक सुरू केलं. त्यांच्या रेषेची ताकद विरोधकांनीही मान्य केली. पण त्याच साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कचेऱ्यांतल्या अमराठी, मुख्यतः दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. मराठी तरुणाला नोकरी का मिळत नाही, हा प्रश्न खराच होता आणि तो कारखानदारांना आणि सरकारला विचारायला हवा होता. राग मात्र लुंगी नेसणाऱ्या शेजाऱ्याकडे वळला. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. एकाच कुंचल्याने सत्तेला टोचताही येतं आणि शेजाऱ्याला बोचकारताही येतं, हे मुंबईने तेव्हाच पाहिलं.

चित्रकारालाच माहीत नसतं तेव्हा

शेजाऱ्याला बोचकारणारी रेषा आपल्या वाट्यालाही आली आहे. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, 'द हिंदू'सारख्या जबाबदार इंग्रजी दैनिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात पृथ्वीला ओलीस धरणाऱ्या विषाणूला पठाणी वेश घातला होता. वाचकांनी हरकत घेतल्यावर चित्र बदलण्यात आलं. बदल झाला हे चांगलंच. पण प्रश्न उरतो की विषाणूला कपडे घालायचे म्हटल्यावर हेच कपडे का सुचले? मुद्दाम वाईट करायचं असेलच असं नाही. कधी कधी नुसत्या सवयीने हात तिकडे वळतो, आणि अशी सवय हेही अज्ञानच.

त्यानंतरच्या दिवसांत तबलिगी जमातीच्या नावाने जे फॉरवर्ड फिरले, ते आपल्या भाजीवाल्यांनी, फेरीवाल्यांनी सोसले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं स्पष्ट सांगितलं. निकालाची बातमी किती ग्रुपवर फिरली? चित्रं मात्र आजही कुणाच्या तरी फोनमध्ये आहेत.

अफवेने फक्त आपलंच नुकसान होतं असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मोबाइलवर आलेलं खरं की खोटं, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

चिडलो म्हणून चित्र गुन्हा ठरत नाही

मग वाईट चित्र काढणाऱ्याला तुरुंगात टाकायचं का? नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला देशद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. भ्रष्टाचारावरची चित्रं होती, राष्ट्रीय चिन्हातल्या सिंहांच्या जागी लांडगे दाखवले होते. देशभर टीका झाल्यावर ते कलम मागे घेतलं गेलं. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या चित्रांत विनोद फारसा नाही, संताप आहे, असं न्यायालयालाही वाटलं. पण हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीका देशद्रोह होत नाही, हे न्यायालयाने सांगितलं आणि असं कलम लावताना पोलिसांनी काय काळजी घ्यायची तेही ठरवून दिलं.

हा निकाल आपल्याला महत्त्वाचा का? कारण बोलण्याचं स्वातंत्र्य आखडलं की पहिला फटका कमजोर माणसाला बसतो. उद्या पाण्याच्या प्रश्नावर एखाद्या पोराने पुढाऱ्याचं चित्र काढलं, तर त्याच्या पाठीशी हाच निकाल उभा राहील.

इथे एक दुखरी गोष्टही बोलायला हवी. रसूलुल्लाह (स.) यांची चित्रं काढणं आपल्याला दुखावतं आणि दुखावणारच. पण दुखावलेल्या माणसानेही काय घडलं ते नीट समजून घ्यायला हवं. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाने पॅरिसच्या 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. संपादक स्वतः मुस्लिम बाई. त्यांनी माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, दैनिकाची मुंबई आवृत्ती बंद पडली. चूक आणि खोडसाळपणा यांतला फरक आपल्यालाही तेव्हा करता आला का, हे एकदा मनाला विचारून बघू या.

आपल्याच आरशात

व्यंग ही बाहेरून आपल्यावर फेकलेली गोष्ट आहे, असा समज आपल्यात आहे. तो बरोबर नाही. १८७७ मध्ये लखनऊला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 'अवध पंच' हे उर्दू साप्ताहिक काढलं, आणि नवाबी थाटापासून इंग्रजी साहेबापर्यंत सगळ्यांना हसवून सोडलं. १९०६ मध्ये तिफ्लिस शहरात जलील मम्मदगुलुजादे यांनी अझरबैजानी भाषेत चित्रांचं साप्ताहिक काढलं आणि त्याला नाव दिलं 'मुल्ला नसरुद्दीन'. झारचे अधिकारी, लाचखोर जमीनदार, मुलींना शाळेपासून दूर ठेवणारे बाप, आणि दीनच्या नावाखाली लोकांना अडाणी ठेवणारे काही मौलवी, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. आपल्या कौमवर प्रेम होतं म्हणूनच ते आपल्या जहालतवर हसू शकले.

आणि पवित्र कुरआनमध्ये पाहिलं तर सूरह अल-हुजुरात एकटीच पुरे. तिच्या सहाव्या आयतमध्ये आलेली बातमी आधी तपासून घ्यायला सांगितलं आहे. अकराव्या आयतमध्ये एका गटाने दुसऱ्या गटाची टर उडवू नये, अशी ताकीद आहे. मोबाइलच्या जमान्यासाठी याहून नेमका सल्ला आणखी कुठे शोधायचा? आपल्यावरचं वाईट चित्र आलं की आपल्याला ही आयत आठवते. आदिवासींवर, परप्रांतीयांवर, शेजारच्या समाजावर चित्र आलं की आपलाही अंगठा फॉरवर्डवर जातो. मग आयत कुणासाठी उतरली?

घरात एवढं करता येईल

चित्र आलं की पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. हसू कुणावर आहे, खुर्चीवर बसलेल्यावर की रांगेत उभ्या असलेल्यावर? चित्रात दाखवलेली गोष्ट खरंच घडली आहे का? आणि चित्रातल्या माणसाच्या जागी आपली नानी असती तर हे चित्र तिला दाखवलं असतं का? तिन्हींचं उत्तर नीट आलं तर खुशाल हसा, खुशाल पाठवा. पुढारी आपल्या पसंतीचा असला तरी पाठवा. सत्तेला हसणं हा मतदाराचा हक्क आहे.

दुसरं म्हणजे, मुलांच्या हातात फक्त दुसऱ्याची चित्रं नकोत, पेन्सिलही हवी. फलक लागला पण नळ कोरडा राहिला, उद्घाटन झालं पण दवाखान्याला कुलूप, पावसाळा आला पण डोंगराखालच्या वाडीची पाहणी नाही. आपल्या दोन तालुक्यांत विषयांना तोटा नाही. मदरशात किंवा शाळेत भिंतीवर एक कोपरा यासाठी ठेवला तर खर्च काही नाही. चित्र काढायचं म्हटलं की मुलाला आधी माहिती काढावी लागते, चार जणांना विचारावं लागतं. तिथूनच इल्म सुरू होतं.

त्या कॉलेजच्या मुलाचं पुढे काय झालं? चित्र त्याने ग्रुपवरून काढून टाकलं. आणि आता रोज संध्याकाळी नानीला सही शिकवतो आहे. नानींचा पहिला प्रश्न होता, "सही आली की मग तुमच्या चित्रात साहेबाला बसवणार ना?" आम्ही त्यांना हो म्हटलं आहे.