उसना देव, स्वतःची रेघ

'इन्स्पायर्ड' हा आपल्या पिढीचा लाडका शब्द. प्रेझेंटेशन असो वा टी-शर्ट, दुसऱ्याचं उचललं की आपण म्हणतो, 'बॉस, इन्स्पायर्ड आहे!' म्हणूनच आज मला शॅगबद्दल लिहायचंय.

शॅग म्हणजे अमेरिकन चित्रकार जॉश एगल, जन्म 1962. नावाची शेवटची दोन आणि आडनावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं जोडली, की झाला शॅग! त्याची चित्रं एकदम कूल. सपाट भडक रंग, टोकदार रेघा, काचेच्या भिंतींची घरं, हातात कॉकटेल घेतलेली चकाचक माणसं. आणि कोपऱ्यात दात विचकून उभा असलेला लाकडी टिकी.

हा टिकी मूळचा पॉलिनेशियाचा. मार्केसस बेटांवर पूर्वजांच्या नि देवांच्या मूर्ती दगडात, लाकडात कोरत; त्या म्हणजे टिकी. मग तो कॅलिफोर्नियात कसा पोचला? 1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि 'डॉन द बीचकोंबर', 'ट्रेडर विक्स' यांनी बांबू, रम नि बेटांचं स्वप्न विकायला काढलं. महायुद्धानंतर तर लाटच आली. 1959 मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं. 1963 मध्ये डिस्नेलँडनंही 'एन्चांटेड टिकी रूम' उघडली. तिच्या चाळिशीसाठी 2003 मध्ये चित्रं काढली कोणी? शॅगनंच!

तुम्ही म्हणाल, हीसुद्धा उचलेगिरीच की! प्रश्न रास्त आहे, आणि साधाही नाही. मार्केसस बेटं फ्रान्सनं 1842 मध्ये ताब्यात घेतली. बाहेरून आलेल्या साथींनी तिथली वस्ती पार रोडावली, मिशनऱ्यांनी जुने देव नि गोंदण मोडीत काढलं. ज्यांचे पूर्वज, त्यांच्यावर ही वेळ; आणि पूर्वज मात्र हॉलिवूडमध्ये रमच्या मगावर!

तरी शॅग मला आवडतो, कारण तो बेटं पाहिल्याचा आव आणत नाही. त्याची रेघ आलीय 1950-60 च्या दशकांतल्या जाहिरातींतून, मासिकांतल्या चित्रांतून, त्या काळच्या घरांच्या डिझाइनमधून. तो पॉलिनेशिया रंगवत नाही, पॉलिनेशियाचं स्वप्न विकत घेणारा अमेरिकन रंगवतो. सूट झक्कास, पार्टी जोरात, पण चेहऱ्यावर आनंद शोधावा लागतो. मला तर वाटतं, त्या पार्टीत सगळ्यात जागा असतो तो टिकीच.

टिकी शॅगचा नाही, पण ती पार्टी त्याच्याच गावची आहे. तिथे तो कुणाची नक्कल करत नाही. त्यानं त्या बेटांचं देणं फिटत नाही, हे खरं. पण उसनं काय नि आपलं काय, एवढं तरी चित्रात दिसतं.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी 'इन्स्पायर्ड' म्हणाल तेव्हा लगेच पुढचा प्रश्नही घ्या: कुणाकडून? आणि त्यात तुमचं काय? उत्तर आलं, तर स्लाइड पुढे सरकवा!