कावल आणि राखण

म्हैसूरहून सुमारे १५० किलोमीटरवर, चामराजनगर जिल्ह्यात, मलै महादेश्वराचे डोंगर आहेत. या देवाचे वाहन वाघ. त्याची कथा कंसाळ्यांच्या तालावर अजूनही गायिली जाते. जून २०२५ मध्ये तेथील अभयारण्यात एक वाघीण व तिचे चार बछडे मृत आढळले. वाघाने मारलेल्या गाईच्या शवात विष घातले गेले होते. पुढच्याच महिन्यात राज्याच्या वनमंत्र्यांनी वनांतील गुरेचराई थांबविण्याची सूचना दिली. कृत्य निंद्यच होते. परंतु त्याचा दंड सरसकट साऱ्या गुराख्यांना का?

कन्नडमध्ये 'कावलु' म्हणजे पहारा. जुन्या म्हैसूर संस्थानात मात्र सरकारी गुरांसाठी राखलेल्या कुरणालाही 'कावल'च म्हणत. चिक्कदेवराज वडेयर यांच्या 'बेण्णे चावडी'स टिपू सुलतानाने 'अमृत महाल' हे नाव दिले. तिची कावले उन्हाळी, पावसाळी व हिवाळी अशी वाटलेली असत. त्यामुळे गवताला विसावा मिळे. बैलांसाठी राखलेल्या अशा काही माळांवर आज काळवीट टिकून आहेत, ही गोष्ट संरक्षणवाद्यांच्या लेखनात क्वचितच येते. मराठीतही 'राखणे' या एकाच धातूपासून 'गुराखी' आला आणि 'राखीव वन'ही. आज मात्र राखीव वनाच्या हद्दीवर गुराखीच अपराधी ठरतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने फिरस्त्या पशुपालकांचा मोसमी चराईचा हक्क मान्य केला आहे. तथापि जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रातील धनगर याच कोटीत येतात. ज्यांचे जगणेच वाटेवरचे, त्यांच्याकडे वास्तव्याचा दाखला मागायचा!

याच कायद्याचे नियम वृद्धांचे लेखनिविष्ट कथनही पुरावा मानतात. येथे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांपाशी येतो. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्यांनी धनगरी ओव्या परिश्रमपूर्वक ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा यांच्या वाटचालीबरोबर त्यांत गावे, डोंगर, पाणवठे येतात. अभ्यासकांनी या स्थलनामांत दैवतांचे स्थलांतर शोधले, मूलस्थानांचे वाद घातले. कळपांच्या वाटा म्हणून ती फारशी वाचली नाहीत. देवाची वाट आणि मेंढरांची वाट सर्वत्र एकच असेल असे नाही, आणि ओवी म्हणजे मोजणीचा नकाशाही नव्हे. पण वृद्धांच्या कथनाला जोड म्हणून ती ग्रामसभेपुढे निश्चितच ठेवता येईल. त्यासाठी संग्रहांतील ध्वनिफितींची स्थलनामसूची तयार झाली पाहिजे, आणि तिची पहिली प्रत ज्यांनी त्या ओव्या गायिल्या त्यांच्या वाड्यांवर गेली पाहिजे.