माहितीचें माप

संदेशांतील माहिती मोजावयाची, पण त्याचा अर्थ पाहावयाचा नाहीं, हें ऐकून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं नेमकें हेंच केलें, आणि आमच्या मतें तें योग्यच होतें.

जें घडण्याचा संभव अधिक, त्याच्या वार्तेंत माहिती कमी. हिचें माप 'बिट'. नाणें उडविल्यावर छाप कीं कांटा हें कळणें म्हणजे एक बिट. एखादा विद्यार्थी उत्तीर्ण होण्याचा संभव १६ पैकीं १५ असेल, तर 'उत्तीर्ण' या निकालांत एक दशांश बिटहि माहिती नसते. 'अनुत्तीर्ण' या निकालांत मात्र पुरी चार बिट!

मातेला पहिलाच शब्द मोलाचा वाटेल. वाटो बापडा! आनंद आणि शोक एकाच तारेंतून जातात, आणि ती तार किती भार वाहील हें ठरविणारा एंजिनियर अर्थाच्या मागें लागता, तर प्रत्येक संदेशासाठीं त्याला निराळें गणित मांडावें लागतें. राल्फ हार्टले यांनींहि १९२८ सालीं अर्थ बाजूसच ठेविला होता.

मात्र या मापानें निबंधाची योग्यता कोणी ठरवूं लागल्यास आमचा सक्त विरोध आहे. कारण वाटेल तशीं अक्षरें जुळविलेलें पान या तराजूंत उत्तम निबंधाहून जड भरतें.