काँक्रीटच्या कारखान्याशेजारचा बाजार

कॅनडातील व्हँकुव्हर नगरीत, फॉल्स क्रीक नामक खाडीच्या काठी आणि ग्रॅनव्हिल पुलाच्या उंच पोलादी सांगाड्याच्या छायेत जो सार्वजनिक बाजार भरतो, त्यात चेरींच्या राशी आणि बर्फावर मांडलेले सामन मासे मन प्रसन्न करतातच. परंतु माझे चित्त वेधले ते बाहेर, माणसांच्या गर्दीतून वाट काढीत सावकाश सरकणाऱ्या काँक्रीटच्या मालमोटारीने.

हा बाजार ज्या ग्रॅनव्हिल आयलंडवर भरतो, ती जागा मुळात ओहोटीला उघडी पडणारी वाळूची दांडी. मूळनिवासी स्क्वॉमिश लोक तेथे मासळी धरीत. 1916 च्या सुमारास खाडीचा गाळ उपसून तिच्यावर भराव घालण्यात आला आणि जंगलतोडीला व खाणींना लागणारी यंत्रे, साखळ्या, तारदोर तेथील पत्र्यांच्या छपराखाली तयार होऊ लागले. पुढे त्या उद्योगांना उतरती कळा लागली. तेव्हा, 1970 च्या दशकात, मंत्री रॉन बॅसफर्ड यांच्या आग्रहामुळे केंद्र सरकारने जमिनीची मालकी आपल्याकडेच ठेवून तिचा कायापालट योजिला, आणि वास्तुशिल्पी नॉर्मन हॉटसन यांनी जुन्या गुदामांचे पत्रे व रूळ जतन करून, पादचारी आणि वाहने यांना एकच रस्ता दिला. 1979 साली बाजार उघडला, पुढच्या वर्षी कलाविद्यालय आले, आणि जुन्या उद्योगांपैकी काँक्रीटचा कारखाना मात्र होता तेथेच राहिला.

तो राहू दिला, हेच मला या साऱ्या योजनेतील परम शहाणपण वाटते. जेथे मासळीचा सौदा, कुंभाराचे चाक आणि खडीची चढउतार एकाच हाकेच्या अंतरावर चालतात, तेथे कला ही श्रमाची सोबतीण होते. 2014 साली ‘ओस जेमिओस’ या ब्राझिली जुळ्या भावांनी त्याच कारखान्याच्या सहा उत्तुंग कोठ्यांवर विराट मानवाकृती रंगविल्या. एखाद्या रिकाम्या भिंतीवर त्या एवढ्या सजीव वाटल्या असत्या, असे मला वाटत नाही.

कलाविद्यालय 2017 साली अन्यत्र गेले. त्याच्या एका इमारतीत आता मुलांना कला शिकविणारी संस्था नांदते, ही समाधानाची गोष्ट. परंतु पर्यटकांचा ओघ वाढला म्हणजे भाड्याचा मोह वाढतो, आणि प्रत्येक रिकाम्या गाळ्यात स्मरणवस्तूंचे दुकान थाटावेसे वाटू लागते. जमीन सार्वजनिक असल्याने तो मोह आवरणे सरकारला शक्य आहे. त्याने तो आवरलाच पाहिजे, आणि कारखान्याच्या जागेवर अधिक उत्पन्नाचा मक्ता देण्याचा प्रस्ताव आल्यास तो निःसंकोच फेटाळला पाहिजे.