टाइमस्लिप आधी वाचा!

"क्वालिफाइंगला पहिला आला आणि पहिल्याच राउंडला बाहेर? सेटिंग आहे सगळं!" अमेरिकेतल्या बाइक ड्रॅग रेसची क्लिप बघताना परवा आमच्या विंगमध्ये हा निकाल लागला. रूममध्ये नऊ जण, त्यात सात मेकॅनिकलचे. कमाल आहे!

मित्रांनो, पाव मैलाच्या (४०२ मीटर) ट्रॅकवर ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरूच होत नाही. पुढचं चाक स्टार्टच्या लाइट बीममधून बाहेर पडलं की ते सुरू होतं. दिवा लागल्यापासून चाक बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम, आणि तो स्लिपवर वेगळा छापतात. ज्या क्लासमध्ये दोघांना एकदम हिरवा मिळतो, तिथे क्वालिफाइंगला फक्त ईटी बघतात. म्हणजे जांभई देऊन निघालात तरी नंबर पहिला येऊ शकतो! एलिमिनेशनला मात्र आधी पोचेल तो जिंकला. समजा 'अ'ची ईटी १३.२०, रिअ‍ॅक्शन ०.६०. 'ब'ची १३.४५ आणि ०.१०. बेरीज करा, १३.८० विरुद्ध १३.५५. यात सेटिंग कुठंय?

हौशी लोकांच्या ब्रॅकेट रेसिंगमध्ये तर आणखी गंमत. आपली गाडी किती सेकंद घेणार हे स्वारानं आधीच जाहीर करायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा जास्त पळालात तर 'ब्रेकआउट', म्हणजे बहुतेक वेळा हरलातच. "ही कसली रेस?" असं पोरं म्हणतात. मला विचाराल तर बाबांची जुनी गाडी घेऊन आलेल्यांसाठी हीच खरी रेस. स्वतःच्या गाडीचा आकडा माहीत पाहिजे, बस्स.

आणि तो आकडा काढायला क्वालिफाइंगमध्ये शेजारच्या लेनकडे बघावंच लागत नाही. भांडण घड्याळाशी. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झाल्या आहेत. तिथे आधी गाडी तपासतात, हेल्मेट बघतात, मग सोडतात. आपल्याकडे बायपासवर रात्री दीड वाजता दोघं सुटतात, कारण "कुणाची गाडी फास्ट" हे ठरवायचं असतं! दोन महिन्यांपूर्वी आमच्या विंगमधला एक जण असाच सुटला. चेन ढिली होती, कुणी बघितलीच नव्हती. पायात रॉड, सेमिस्टर गेलं. गाडी किती सेकंद घेते ते त्याला अजूनही ठाऊक नाही.

परवा क्लिप बघायला तोही होता, कुबडी कॉटला टेकवून. 'सेटिंग' म्हणाला तो तोच.